रेघ उतरवताना

सकाळची वेळ धरा. ऊन खिडकीतून अजून तिरपं येतंय. रंगवलेल्या भिंतीसमोर एक खुर्ची ओढा आणि बसा. हातात काही घेऊ नका. पॉलिश पेपर नको, पत्रा नको, ब्रश तर नकोच. पंखा बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. भिंत रंगवून झाली आहे, पेंटरचा हिशेब मिटला आहे, आणि रंगावर ब्रशच्या रेघा दिसताहेत. त्या काढायच्या आहेत, पण आज नाही. आज नुसतं बसायचं आहे.

रेघ दिसली की हात शिवशिवतो. ओल्या फडक्याने पुसून पाहावं, नखाने खरवडावं, उरलेला डबा उघडून वरून एकदा ब्रश फिरवावा असं वाटतं. वाटू द्या. उठू मात्र नका. पुढे जे काही सांगायचं आहे ते सगळं या शिवशिवणाऱ्या हाताबद्दल आहे, म्हणून त्याची ओळख आत्ताच झालेली बरी.

हे घर मुकुटबनचं समजा. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा झरी जामणी तालुका, वणीहून आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. खाली पैनगंगा, आणि नदीपल्याड तेलंगणा. बाजारात मराठीसोबत तेलुगू कानावर येते, गोंडी आणि कोलामीही. जमिनीत कोळसा आहे आणि चुनखडक आहे. हा चुनखडक भूशास्त्रज्ञ ज्याला पैनगंगा समूह म्हणतात त्यातला. त्याचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त मानतात. याच दगडाच्या जोरावर 2022 साली इथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. म्हणजे तुम्ही ज्या भिंतीकडे बघत बसला आहात तिचं प्लास्टर काय, आजोबांच्या वेळचा तिच्यावरचा चुना काय, दोन्ही या भागातल्या दगडाचेच अवतार. त्यावर शेवटी चढला तो डब्यातला रंग. केसाएवढ्या जाडीचा तो एक थर आहे, आणि तक्रार तेवढ्याबद्दलच आहे.

आता रेघा कुठे दिसतात ते पाहा. समोरून बघितलं तर फारशा नाहीत. मान थोडी तिरकी केली, डोळा भिंतीला लागून नेला, की नांगरलेल्या शेतासारख्या ओळी उठून येतात. उजेड भिंतीला घासून गेला की प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. संग्रहालयांतले संवर्धकही जुन्या चित्राचा पृष्ठभाग तपासताना दिवा असाच कडेला धरतात. तडा, उकललेला पापुद्रा, चित्रकाराने मागाहून फिरवलेला हात, सगळं त्या आडव्या उजेडात बोलायला लागतं. तुमच्याकडे टॉर्च असेलच. ती भिंतीला टेकवून लावा आणि हळूहळू पुढे सरकवा.

इथे एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्याकडे ट्यूबलाइट ज्या भिंतीवर बसवतात, नेमक्या त्याच भिंतीवर तिचा उजेड वरून घासत खाली येतो. दिवसा गुळगुळीत वाटलेली भिंत रात्री आठला खडबडीत दिसते ती यामुळे. रंग तोच, रेघाही त्याच. ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर नेली तर निम्म्या रेघा एक पैसा खर्च न होता दिसेनाशा होतील. हा उपाय कोणाला पळवाट वाटेल. मला तो अगदी सरळ उपाय वाटतो. राहायचं खोलीत आहे, टॉर्च घेऊन भिंतीला नाक लावून कोणी राहत नाही.

टॉर्च बाजूला ठेवा. डोळे मिटा आणि तळहात भिंतीवर आडवा फिरवा, रेघांना छेद देत. बोटांच्या टोकांनी नको. तळहाताच्या मधल्या मऊ भागाने. दाब देऊ नका. काही ठिकाणी तळव्याला बारीक दातेरी कड लागेल. काही ठिकाणी काहीच लागणार नाही, आणि डोळे उघडून पाहाल तर तिथे पट्टा मात्र दिसतो आहे. हा फरक नीट मनात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं. हाताला लागते ती रेघ म्हणजे रंगाचा उंचवटा. तो घासून उतरवावा लागतो. नुसता डोळ्याला दिसतो तो पट्टा म्हणजे रंग एकावर एक चढून कमीजास्त झालेला किंवा चमक बदललेली. त्याला घासण्याची गरज नसते, नीट दिलेला आणखी एक हात पुरतो. कितीतरी घरांत न लागणाऱ्या पट्ट्यावर अर्धा दिवस पॉलिश पेपर फिरतो आणि पट्टा जागच्या जागी राहतो.

पुन्हा खुर्चीवर बसा. ही रेघ पडली कशी?

ब्रश भिंतीवरून ओढला की त्याच्या केसांच्या फटींतून रंग मागे सुटतो आणि मागे सऱ्या-वरंबे राहतात. हे प्रत्येक ब्रशचं होतं, महागड्या ब्रशचंही. नंतरच्या काही मिनिटांत रंग आपण होऊन सपाट होऊ पाहतो. द्रवाचा पृष्ठताण उंचवट्यांना खाली ओढतो, दाटपणा त्यांना जागेवर धरतो, आणि या ओढाताणीत घड्याळ चालू असतं, कारण पाणी उडत असतं आणि रंग घट्ट होत असतो. ऑर्चर्ड नावाच्या संशोधकाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. त्यातला हिशेब कोणालाही कळेल असा आहे: दोन वरंब्यांमधलं अंतर दुप्पट झालं की ते भरून यायला सोळापट वेळ लागतो. आणि थर निम्मा पातळ झाला की आठपट. म्हणून झडलेल्या, गुच्छ झालेल्या केसांचा स्वस्त ब्रश रेघा पाडतो. त्याचे वरंबे लांब लांब असतात. म्हणून रंग पुरवण्यासाठी ताणून ताणून मारलेला हातही रेघा पाडतो. तिथे वाहायला रंगच नसतो. रंग दाट ठेवला तर वाहत नाही, पाणी फार घातलं तर झाकत नाही आणि ओघळ येतात. मधली जागा अरुंद आहे, आणि ती रोजच्या हवेप्रमाणे सरकते.

त्यात ही भिंत विदर्भातली. मे महिन्यात या भागात पारा 45च्या पुढे जातो. पश्चिमेची भिंत दुपारी तीनला आतूनही तापलेली असते. तिच्यावर ब्रश टेकला की रंगातलं पाणी एका बाजूने भिंत पिते आणि दुसऱ्या बाजूने हवा. प्रायमर न मारलेली, कोरडी पुट्टीची भिंत तर अधाशीच. वर पंखा सुरू, दारातून कूलरचा झोत थेट ओल्या रंगावर. जो रंग पुण्या-मुंबईत जास्त वेळ हलता राहील तो इथे काही मिनिटांत आकसतो. सपाट व्हायला लागणारा वेळ तोच, मिळणारा वेळ मात्र फार थोडा.

इथवर सगळं पदार्थाचं आणि हवेचं. आता माणसाकडे या, पण दोष देण्याच्या सुरात नको. पेंटरने एक पट्टा मारला, पुढे सरकला, आणि चार-पाच मिनिटांनी वळून पाहिलं तर मागे एक जागा विरळ दिसली. तो परत गेला. तिथे रंग वरून कोरडा दिसत नव्हता, पण आतून धरायला लागला होता. साय धरू लागलेल्या दुधात चमचा फिरवावा तसा त्याने ब्रश फिरवला. पृष्ठभाग फाटला, केसांचे ओरखडे तसेच्या तसे गोठले. सगळ्यात खोल, सगळ्यात चिवट रेघा या परत गेलेल्या हाताच्या असतात. आणि तो परत का गेला हेही विचारा. बहुतेक वेळा मागे घरमालक उभा असतो, बोट दाखवत: इथे जरा राहिलं बघ, इथे एकदा मारा. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या माणसाला वाद घालायला वेळ नसतो. तो मारतो. भिंतीवरच्या कितीतरी रेघांवर ब्रशइतकाच त्या बोटाचाही हक्क आहे.

थोडं थांबा. स्वतःचं बोट आठवतंय का पाहा. आठवलं तरी काही करायचं नाही.

सगळ्या रेघा काढायच्याच का, हाही प्रश्न खुर्चीवर बसल्या बसल्याच सोडवून घ्यावा. झरी जामणीत कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, अजून कुडाच्या भिंती आहेत. बांबूच्या विणीवर माती-शेणाचा लेप. सारवणाऱ्या बाईचा हात जिथवर पोचतो तिथवर एक कमान, तिच्या शेजारी दुसरी, बोटांच्या चार-चार रेघांनी भरलेली. भिंतभर हात दिसतो आणि ते कोणाला खटकत नाही. दर सणाला वरून नवा लेप येतो, तेव्हा जुन्या कमानी झाकून नव्या उमटतात. तिथे गुळगुळीतपणाची अपेक्षाच नाही, त्यामुळे उणीवही नाही.

चुन्याचं आणखी वेगळं. भट्टीत चुनखडक साधारण 900 अंशांना भाजला की शंभर किलो दगडातून चव्वेचाळीस किलो वायू निघून जातो आणि छप्पन किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, गाळायचा, थोडी नीळ, थोडा डिंक घालायचा आणि पळसाच्या मुळ्या ठेचून केलेल्या कुंचीने भिंतीला मारायचा. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक. भिंत नुसती भिजल्यासारखी दिसते. नवशिका घाबरतो आणि दाट मारतो, मग त्याचे पोपडे सुटतात. जुना माणूस पातळच मारतो, एक हात आडवा, वाळला की एक हात उभा, आणि घरी जातो. रात्रीतून भिंत पांढरी होत जाते. हवेतला तोच वायू चुना परत घेतो आणि पुन्हा चुनखडक होतो. कुंचीच्या रेघा असतातच, पण आडव्याला उभी रेघ छेदते, वर चमक नाही, त्यामुळे उजेड पसरून जातो आणि नजर कुठे अडकत नाही.

मग आपल्याला रेघ खटकू लागली ती चमकत्या रंगासोबत. ऑइल पेंट आला, त्याचा तकाकता थर आरशासारखा प्रत्येक वरंबा मोठा करून दाखवू लागला. मागोमाग धुता येणारा प्लास्टिक पेंट आला. दुकानातल्या शेड कार्डावर तर रंग छापलेला असतो, तिथे भिंतही नाही आणि हातही नाही. तसं घर आपल्याला हवं झालं. हवं होण्यात वाईट काही नाही. फक्त ते कुठे हवं आहे ते ठरवा. पलंगासमोरची भिंत, देवघराची भिंत, बैठकीत पाहुणे ज्या भिंतीकडे तोंड करून बसतात ती, या घ्या. कपाटामागची, दाराआडची सोडा. माझं मत विचाराल तर चुन्याच्या भिंतीवरच्या कुंचीच्या रेघा कधीच काढू नयेत, प्लास्टिक पेंटवरच्या बसल्या जागेवरून दिसतील तेवढ्याच काढाव्यात, आणि ऑइल पेंटवरच्या काढायला घेतल्या तर पूर्ण भिंत घ्यावी, कारण तिथे मध्येच केलेली डागडुजी रेघेपेक्षा जास्त दिसते.

घाईने चढवलेलं उतरवायला किती वेळ लागू शकतो याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण अजिंठ्याचं आहे. तिथल्या भिंतींवर माती, भुसा आणि तंतूंचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर चित्रं. हा भाग पूर्वी निझामाच्या मुलखात होता. 1920 ते 1922 मध्ये निझाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याला इटलीहून बोलावलं. सुटणारे पापुद्रे त्यांनी चिकटवले, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही बसवलं. पुढे ते पिवळं-तपकिरी पडलं, त्यात धूळ-धूर अडकला, आणि खालचे निळे-हिरवे मंद झाले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर पुढची कित्येक वर्षं द्रावकात भिजवलेल्या कापसाने इंच इंच उतरवत बसावं लागलं. चढवायला दोन-तीन मोसम पुरले होते.

आता कामाकडे. पण कामही बसल्यासारखंच करायचं.

पहिलं काम थांबण्याचं. प्लास्टिक पेंट तासाभरात हाताला लागेनासा होतो, पण तो घासण्याजोगा झालेला नसतो. निदान एक दिवस, जमल्यास दोन-तीन दिवस जाऊ द्या. आतून पुरता पक्का व्हायला त्याला काही आठवडे लागतात. ऑइल पेंट आणखी सावकाश. परीक्षा सोपी आहे: दाराआडच्या कोपऱ्यात पॉलिश पेपर चार वेळा फिरवून कागद उलटा करून पाहा. पांढरी भुकटी झटकली की पडत असेल तर भिंत तयार आहे. कागदावर रबरासारख्या गुठळ्या चिकटल्या असतील तर कागद ठेवून द्या आणि बाजारात जाऊन या.

एक सावधगिरी, आणि ही टाळू नका. घरात जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम केंद्राने 2016 साली केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून ते लागू झाले. त्याआधीचा थर कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि निघालेला चिखल अंगणात न टाकता कागदात गुंडाळून बांधा. नव्या रंगालाही मास्क हवाच. पुट्टीची भुकटी फुप्फुसाला काही कमी वाईट नाही.

आता ठोकळा. हाताच्या मुठीत मावेल असा सपाट लाकडाचा तुकडा घ्या आणि त्यावर कागद ताणून गुंडाळा. नुसत्या बोटांखाली कागद धरला तर बोटं दऱ्यांमध्ये शिरतात आणि दरीही तेवढीच घासतात. वरंबा तसाच राहतो. ठोकळा फक्त उंचवट्यावर टेकतो. आधी 120 किंवा 150 नंबर, मग 180, शेवटी 220. लहान लहान गोल, मनगट सैल. ठोकळा भिंतीला दाबायचा नाही, नुसता नेऊन आणायचा. कापायचं काम कागदाचं आहे.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर थांबा आणि जवळ जाऊन बघा. थोडाफार तकाकणारा रंग असेल तर एक सुरेख गोष्ट दिसेल. वरंब्यांच्या माथ्यावरची चमक गेली आहे, सऱ्यांमध्ये ती अजून आहे. भिंतीवर मंद आणि चकचकीत अशा बारीक ओळी आळीपाळीने उमटल्या आहेत, आणि मघाशी डोळे मिटून तळहाताने वाचलेली रेघ आता उघड्या डोळ्यांना वाचता येते आहे. दर फेरीला मंद ओळ रुंद होत जाते, चकचकीत ओळ अरुंद. शेवटची चकचकीत रेष दोऱ्याएवढी होते आणि विझते. त्या क्षणी ठोकळा उचलायचा. त्यानंतरची एकही फेरी रेघेची नाही, ती भिंतीची झीज आहे. कानही मदत करतात: सुरुवातीची खरखर मध्येच उतरते आणि नुसती सळसळ उरते.

मंद रंगावर चमकेची ही खूण मिळत नाही. तिथे पुन्हा टॉर्च आणि तळहात. खालची पांढरी पुट्टी दिसू लागली तर पुढे घासू नका, तेवढ्या जागेला प्रायमर लावावा लागेल हे मनात टिपून ठेवा. आणि ब्रशचा एखादा सुटा केस रंगात अडकलेला सापडेलच. तो सुईच्या टोकाने उचलून काढा, घासत बसू नका.

एखादी रेघ फारच खोल निघते, परत गेलेल्या हाताची. तिच्या दोन्ही बाजू उतरवत बसलात तर भिंतीत खळगा पडेल. ती भरावी. प्लास्टिक पेंटखाली बारीक पुट्टी, ऑइल पेंटखाली पेंटरलोक भरतात ती लांबी. पत्र्याने घट्ट ओढून, शक्य तितकी पातळ. सुकली की 220ने हलका हात, आणि भरलेल्या जागेवर प्रायमर. प्रायमर चुकवला तर रंग वाळल्यावर ती जागा चट्ट्यासारखी वेगळी दिसते, आणि रेघ परवडली असं म्हणायची पाळी येते.

धूळ आधी कोरड्या फडक्याने, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने. वाळू द्या. या मधल्या तासात पुन्हा खुर्ची आहेच.

रंगवायच्या दिवशी उशिरा सकाळची वेळ घ्या, आणि एका बैठकीत होईल तेवढीच भिंत घ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पंखा, कूलर बंद, खिडकी किलकिली. डबा तळापासून ढवळून रंग जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या फडक्यातून गाळा. वाळलेला एक कण रोलरखाली आला तर भिंतभर त्याची रेघ ओढली जाते. पाणी डब्यावर लिहिलं आहे तेवढंच, मोजून. ब्रश आधी पाण्यात बुडवून झटकून घ्या आणि रंगात केसांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नेऊ नका. मोठ्या भागाला आखूड लोकरीचा रोलर उत्तम. ब्रश फक्त छताच्या कडेला, कोपऱ्यात आणि स्विचबोर्डाभोवती. कडा आधीच सगळ्या रंगवून ठेवू नका. एक वीत-दोन वीत कड, लगेच तिच्याशेजारी रोलर, दोघेही ओले असताना एकमेकांत मिसळू द्या. नाहीतर बोर्डाभोवती चौकट दिसते, ती पुढच्या रंगकामापर्यंत.

तीनेक फूट रुंदीचा पट्टा, वरून खाली. रंग पसरवा, मग जवळजवळ रिकामा रोलर वरपासून खालपर्यंत एकाच दिशेने अलगद आणा आणि उचला. शेजारचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढवून सुरू करा. चहा आला तर आत ठेवायला सांगा. अर्ध्या भिंतीवर प्यायलेला चहा वाळल्यावर दिसतो.

आणि आता ती जागा येईल. तुम्ही चौथ्या पट्ट्यावर आहात, आणि दुसऱ्या पट्ट्यावर, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा भाग विरळ दिसतो आहे. खालचा रंग डोकावतो आहे. दोन पावलांवर आहे. रोलर ओला आहे. हात निघालाच आहे.

तिथेच हात थांबवा. खाली आणू नका, मागे घेऊ नका, आहे तसा धरा. त्या जागेकडे बघा. विरळ आहे, बरोबर. पण ती सपाट आहे. आत्ता गेलात तर दाट होईल आणि सपाट राहणार नाही. आत्ता न गेलात तर ती वाळेल, विरळच वाळेल, आणि तुम्हाला काही तास ती डोळ्यासमोर सहन करावी लागेल. दुसरा हात तिच्यासाठीच आहे. मनात जो आवाज येतो आहे की एवढ्याने काय होणार, एकदाच, हलकेच, तो ऐका. तो रंगकामापुरता नाही हे तुम्हाला माहीत आहे. बोलून टाकलेल्या वाक्यात दुरुस्ती करायला, पाठवलेल्या निरोपामागे खुलाशाचा निरोप पाठवायला, जुळत आलेल्या सोयरिकीत आणखी एक शब्द घालायला हाच आवाज पुढे असतो. आज त्याचं ऐकून काय होतं ते भिंतीवर लगेच दिसणार आहे, एवढाच काय तो फरक. पाचव्या पट्ट्याकडे वळा. कोणी मागे उभं राहून बोट दाखवलं तर त्यांना खुर्ची द्या.

पहिला हात वाळल्यावर भिंत कुरूप दिसते. दोन रंगांत अडकल्यासारखी, कुठे गडद कुठे फिकी. तिचं तसं दिसणं रास्त आहे. डब्यावर सांगितलेला अवधी जाऊ द्या, टॉर्च लावून एकदा तपासा, कुठे कण अडकला असेल तर 220चा कागद नुसता टेकवा, धूळ पुसा, आणि दुसरा हात पहिल्यासारखाच. मघाची विरळ जागा शोधू पाहा; बहुधा सापडणार नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे भिंत ओल्या फडक्याने पुसू नका आणि कपाट टेकवून लावू नका. उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणावर शेड नंबर आणि तारीख लिहा.

मुकुटबनसारख्या ठिकाणी या सगळ्याला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. आपण रंगकाम काढतो दिवाळीआधी, पाहुण्यांच्या धास्तीने, पेंटर तीन घरं एकदम सांभाळत असतो तेव्हा. किंवा मे महिन्यात, लग्नघर म्हणून, भिंती तव्यासारख्या तापलेल्या असताना. त्याऐवजी नोव्हेंबर उलटू द्या. पेंटर मोकळे असतात, हवा थंड असते, रंगाला पसरायला पुरेसा वेळ मिळतो. पहाटेचा गारठा ओसरल्यावर, नऊ-दहाला सुरू करा आणि दुपारी चारच्या आत ब्रश धुऊन ठेवा.